पाणी मुरेपर्यंत

त्या दिवसापर्यंत आमच्या घरात तीन माणसं राहत होती आणि त्यातल्या दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. नवऱ्याला घरातली ही शांतता कमी वाटली असावी. तो आणखी दोन मुके जीव घेऊन आला.

नवरा फ्रीज आणि एसी दुरुस्त करतो. उन्हाळाभर लोकांची घरं गार करायची, मग घामाने निथळत स्वतःच्या घरी यायचं आणि मनात येईल तेव्हाच फिरणाऱ्या पंख्याखाली बसून गारव्याचं महत्त्व सांगायचं, हा त्याचा दिनक्रम. त्या संध्याकाळी मात्र व्याख्यान झालं नाही. हातात थर्मोकोलचा खोका होता आणि चेहऱ्यावर पहिलं मूल झाल्याचा आनंद. आमचं खरं मूल नुकतंच कॉलेजसाठी वसतिगृहात राहायला गेलं होतं, आणि तेव्हापासून नवरा रिकाम्या हातांनी घरभर फिरून चालू असलेल्या वस्तू दुरुस्त करत होता.

"बघ तरी," म्हणत त्याने झाकण उघडलं.

आत पाण्याने भरलेल्या दोन पिशव्या. एकीत पांढरा, दुसरीत काळा, दोघंही तळहाताएवढे. सरड्याने मासा व्हायचं ठरवावं आणि अर्ध्यात कंटाळा करावा, असा एकूण प्रकार. चार पाय, चपटी शेपटी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे झुपके आणि तोंडावर कायमचं हसू. विनाकारण हसणाऱ्यांचा मला एरवीही संशय येतो.

"अ‍ॅक्सोलॉटल," नवरा म्हणाला.

"गाडीचा अ‍ॅक्सल घरात कशाला आणलाय?" आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला. त्यांचे कान उत्तम आहेत.

एका शौकीन गृहस्थांचा फ्रीझर दुरुस्त करायला तो गेला होता. त्यांच्याकडे भिंतभर काचेच्या टाक्या आणि टाक्यांत हे प्राणी. फ्रीझर सुरू झाला आणि आमच्या ह्यांचं डोकं बंद पडलं. ह्या प्राण्यांना थंड पाणी लागतं, असं त्या गृहस्थांनी सांगितल्यावर नवऱ्याला हा थेट नियतीचा इशारा वाटला. थंड करणं हा तर त्याचा धंदाच.

"हे मोठे झाले की काय होतात?" मी विचारलं.

"काहीच नाही. हे आयुष्यभर असेच राहतात. पिल्लूपण संपतच नाही त्यांचं."

मी नवऱ्याकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही.

सासूबाई बाहेर आल्या. त्यांनी आयुष्यभर एका मोठ्या इस्पितळात काम केलं. ऑपरेशन थिएटरच्या मुख्य परिचारिका म्हणून त्या निवृत्त झाल्या, तरी निवृत्ती फक्त इस्पितळाला मिळाली, आम्हाला नाही. त्यांनी खोक्यात वाकून पाहिलं, अगदी नाक टेकेपर्यंत, आणि नवऱ्याला म्हणाल्या, "तिला सांग, हे स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवायचं नाही."

मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होते.

"आईला सांग," मी नवऱ्याला म्हणाले, "की माझा तसा बेतही नव्हता."

नवऱ्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. दोन्ही निरोप पोचले होते. पोस्टमनने नुसतं थैली घेऊन उभं राहावं तसा तो उभा राहिला.

ह्या टपालव्यवस्थेला एक कारण होतं. नणंदेच्या घरच्या एका जेवणात सासूबाई पंधरा-वीस माणसांसमोर म्हणाल्या होत्या, "सून गुणाची आहे हो माझी. फक्त तोंड उघडलं नाही तर." सगळे हसले. मीही हसले. मग घरी येऊन मी त्यांची इच्छा पूर्ण केली. मोठ्यांचा शब्द खाली पडू देऊ नये, असं मला लहानपणी शिकवलेलं आहे. आधी त्यांना वाटलं दोन दिवसांत माझा राग जाईल, मग मला वाटलं त्या काहीतरी म्हणतील. त्यात ऋतू बदलले.

तर टाकी. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने पुरुषभर लांबीची काचेची टाकी आणली. सोबत रंगीत खडे, निळा दिवा, प्लॅस्टिकचा किल्ला आणि बुडबुडे सोडणारा खजिन्याचा पेटारा. टाकी बैठकीत मांडली, नळाखालून बादल्या आणून भरली, आणि उद्घाटनापूर्वी आशीर्वाद घ्यावा तसा त्या शौकीन गृहस्थांना फोन लावला. मी जवळच बसले होते. पलीकडचा आवाज ऐकू येत नव्हता, पण नवऱ्याच्या चेहऱ्यावर सगळं वाचता येत होतं.

आधी रंगीत खडे गेले. अ‍ॅक्सोलॉटल अन्न दिसलं की तोंड उघडून सगळंच आत ओढतो, खड्यासकट, आणि खडा पोटात अडकला की संपलं. मग दिवा गेला. ह्या प्राण्यांना पापण्या नाहीत, डोळे मिटता येत नाहीत, उजेडाचा त्रास होतो. पेटारा गेला, कारण वाहत्या पाण्याने ते बेजार होतात. किल्ल्याच्या कडा धारदार निघाल्या. शेवटी नवऱ्याने नुसतं "मुरलेलं म्हणजे?" असं विचारलं आणि मग बराच वेळ ऐकत राहिला.

"पाणी मुरावं लागतं," फोन ठेवून तो म्हणाला. "ह्यांच्या घाणीतून पाण्यात अमोनिया होतो. विषच ते. ते खाऊन टाकणारे जिवाणू टाकीत आधी वाढायला लागतात. त्याला काही आठवडे जातात. तोपर्यंत ह्यांना टाकीत सोडायचं नाही."

"मग कुठे ठेवायचं?"

"प्लॅस्टिकच्या टबात. वेगवेगळ्या, नाहीतर एकमेकांचे पाय खातात. आणि रोज सगळं पाणी बदलायचं. आणि घरातल्या सर्वांत गार, अंधाऱ्या खोलीत."

घरातली सर्वांत गार, अंधारी खोली सासूबाईंची. मागच्या बाजूला, दगडी फरशीची, जिला उन्हाचं तोंडही दिसत नाही. नवरा वाटाघाटीसाठी आत गेला. मला वाटलं, आता हे प्राणी परत जाणार आणि मला संध्याकाळी निवांत चहा मिळणार. पण तो बाहेर आला तेव्हा सासूबाईंनी खोली द्यायचं कबूल केलं होतं. अटी एवढ्याच, की आत येणाऱ्याने कोपरापर्यंत हात धुवायचे, पाय पुसल्याशिवाय पायपुसणं ओलांडायचं नाही, आणि त्या सांगतील तेच करायचं. थोडक्यात, थिएटर पुन्हा सुरू झालं होतं.

टाकी त्यांच्या खोलीत गेली. टब त्यांच्या पलंगाशेजारी आले. आणि उन्हाळा ऐन भरात आल्यामुळे नवरा सकाळी शिडी घेऊन बाहेर पडला तो अंधार पडल्याशिवाय परतेना. जिवांची हौस त्याची आणि उस्तवार आमची. म्हणजे एकमेकींशी न बोलणाऱ्या दोन बायकांनी एका खोलीत मिळून दोन बिनपापणीचे जीव जगवायचे. हे आधी ठरवून केलं असतं तर मी नवऱ्याच्या हुशारीला दाद दिली असती, पण त्याच्यावर असा आरोप करणं बरोबर नाही.

पहिल्या दिवशी आम्ही मुक्यानेच काम केलं. दुसऱ्या दिवशी मी बादली जरा आपटली तेव्हा सासूबाई टबात बघून म्हणाल्या, "पांढरे, सांग हिला, तुम्ही घाबरता म्हणावं."

मी दुसऱ्या टबाकडे वळले. "काळू, बादली जड आहे म्हणावं. कोणी दुसरा कान धरला तर आपटणार नाही."

मग बादलीचा दुसरा कान धरला गेला.

अशी त्या दोघांची बारशी झाली आणि टपालखातंही नवऱ्याकडून त्यांच्याकडे गेलं. ते नवऱ्यापेक्षा बरे होते. निरोपात स्वतःची भर घालत नव्हते, मध्येच "जाऊ द्या ना" म्हणत नव्हते. नुसते हसत होते.

अन्नाची जबाबदारी माझी. मी एका डोळ्यांच्या दवाखान्यात स्वागतकक्षात बसते. नावं घेते, चष्म्याच्या नंबरासाठी एकेक डोळा झाकून तक्ता वाचायला लावते, थेंब टाकल्यावर लोकांना डोळे मिटून बसवते. दवाखान्यामागे बागेचा एक तुकडा आहे. जेवणाच्या सुट्टीत मी तिथे चमच्याने माती उकरून गांडुळं गोळा करू लागले. आमच्या डॉक्टरीणबाईंनी खिडकीतून दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी मला विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना. मी म्हटलं, घरी दोन नवे पाहुणे आहेत आणि त्यांना हेच आवडतं. त्यानंतर त्यांनी काही विचारलं नाही, पण रजा हवी असेल तर घे, असं मात्र सांगितलं.

गांडुळांचा डबा फ्रीजमध्ये, लोण्याशेजारी. बर्फाच्या बाटल्या फ्रीझरमध्ये, पाणी गार ठेवण्यासाठी टबात आळीपाळीने तरंगायला. आमच्यासाठी फ्रीजमध्ये जागा उरली नाही, पण त्याबद्दल तक्रार करणं मला कोतेपणाचं वाटलं.

भरवायचं काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलं. त्यांच्याकडे जपून ठेवलेला, बोथट टोकांचा एक लांब चिमटा होता. त्यात गांडूळ धरून त्या टबावर ओणवायच्या आणि काळूच्या तोंडासमोर हलवायच्या. काळू झडप घालायचा. पांढरीच्या बाबतीत मात्र गांडूळ कधी तिच्या डोक्यावर, कधी शेपटीजवळ हलत राहायचं. "हट्टी आहे ही," सासूबाई म्हणायच्या. "तोंडासमोर धरलं तरी घेत नाही." मला वाटायचं, थिएटरमध्ये डॉक्टरांना अवजार हवं असेल तर त्यांनाच हात पुढे करावा लागत असेल. तेव्हा माझ्या डोक्यात एवढंच आलं. दिवसभर लोकांचे डोळे तपासायला मदत करणाऱ्या बाईच्या डोक्यात.

टाकीच्या पाण्याची परीक्षाही त्यांचीच. टाकीत चिमूटभर माशांचं खाद्य कुजत ठेवलं होतं, म्हणजे अमोनिया तयार होईल आणि तो खाणारे जिवाणूही. परीक्षेसाठी काचेची एक छोटी नळी होती. तीत टाकीचं पाणी घ्यायचं, बाटलीतले थेंब टाकायचे, हलवून ठेवून द्यायचं. पाणी हिरवं झालं तर विष आहे. पिवळं राहिलं तर टाकी मुरली, खुशाल प्राणी सोडा. सासूबाई नळी डोळ्यांसमोर धरायच्या, मान मागे घ्यायच्या, पुन्हा पुढे आणायच्या, आणि निकाल द्यायच्या. त्या निकालावर अपील नव्हतं.

एक दिवस निकाल लागला. पिवळं.

नवरा त्या दिवशी लवकर घरी आला होता. "इतक्यात?" तो म्हणाला. "ते गृहस्थ तर बरेच आठवडे लागतील म्हणाले होते."

"त्यांना सांग," सासूबाई म्हणाल्या, "मी आयुष्यभर निर्जंतुक पाण्यात हात घातलेत."

ह्याचा जिवाणू वाढण्याशी संबंध नव्हता, उलटच होता, पण आई म्हणाली म्हणजे झालं. खड्यांच्या जागी बारीक वाळू आली होती, लपायला मातीच्या दोन आडव्या कुंड्या होत्या. पांढरी आणि काळू टाकीत उतरले. तळाशी चालत फिरले, कुंडीत डोकावले, एकमेकांना पाहून हसले. नवऱ्याने फोटो काढून मुलाला पाठवले. मुलाने उत्तर दिलं, माझ्या खोलीत ठेवले नाहीत ना. एवढी चौकशी त्याने आमची कधी केली नव्हती.

पहिला दिवस बरा गेला. मग पांढरीने जेवण सोडलं. ह्यात नवल नव्हतं, ती हट्टी म्हणून जाहीरच झाली होती. पण मग काळूनेही सोडलं. त्यांचे झुपके आक्रसले, पिसं उपटलेल्या पाखरासारखे दिसू लागले. पांढरीच्या कातडीवर लालसर चट्टे आले आणि ती शेपटीचं टोक मुरडून पृष्ठभागावर येऊन तरंगू लागली. तोंडावरचं हसू तसंच होतं. आता ते बघवत नव्हतं.

नवऱ्याचं निदान तयारच होतं, उष्णता. तो जाताना सांगून गेला, की दुकानात एक जुना वॉटर कूलर पडलाय, त्याचं यंत्र काढून टाकीला जोडतो, रात्रीपर्यंत हिमालय करून टाकतो.

सासूबाईंचं निदान त्याहून सोपं होतं. मी दवाखान्यातून आले, हात कोपरापर्यंत धुतले आणि आत गेले. त्या टाकीसमोर बसल्या होत्या. परीक्षेची नळी हातात होती.

"पांढरे," त्या म्हणाल्या, "पाणी तर स्वच्छ आहे बाई. आता कुठून काय उकरून आणून खायला घालतात, त्याला मी काय करू."

गांडुळावर आलं होतं. भर दुपारी, डोक्यावर ऊन घेऊन, डॉक्टरीणबाईंच्या नजरेसमोर उकरलेल्या माझ्या गांडुळांवर. इतक्या महिन्यांत मी मनात कितीतरी वाक्यं घासूनपुसून ठेवली होती, एकाहून एक धारदार. त्यातलं एक काढायचं म्हणून मी पुढे झाले, आणि माझी नजर नळीवर गेली.

नळीतलं पाणी हिरवं होतं. पिवळसर वगैरे नाही. हिरवंगार, पोपटाने ओळख सांगावी असं.

मी त्यांच्या हातातून नळी घेतली. दारात, उजेडात नेली. हिरवीच. परत आणून त्यांच्यासमोर धरली.

"हा रंग कुठला?"

कित्येक महिन्यांनी मी त्यांच्याशी थेट बोलले होते. दोघींच्याही ते लक्षात आलं आणि दोघींनीही ते लक्षात न आल्यासारखं केलं.

"पिवळा," त्या म्हणाल्या. "दिसत नाही का तुला?"

मग माझ्या तोंडून त्या जपलेल्या वाक्यांपैकी एकही निघालं नाही. निघालं ते रोज दवाखान्यात शंभरदा म्हणते ते.

"डावा डोळा झाका, आई."

त्यांनी झाकला नाही. पण त्यांचा हात मांडीवरून उठला आणि अर्ध्यात थांबला. मी नळीमागे भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बोट दाखवलं. "तिच्यावरचा महिना वाचा."

"मला ठाऊक आहे कुठला महिना आहे ते."

"वाचा म्हणाले मी."

त्या दिनदर्शिकेच्या दिशेने बघत राहिल्या. मोतीबिंदू पिकत चालला की सगळ्या जगावर जुन्या कागदाचा पिवळा रंग चढतो. आमच्याकडे येणारे म्हातारे सांगतात, भिंती मळक्या झाल्यात, सुनेला पांढरं धुता येत नाही. मी त्यावर मान डोलावून नाव लिहून घेत असते.

"कधीपासून?" मी विचारलं.

"गेल्या वर्षापासून असेल." मग म्हणाल्या, "जास्तच."

"आणि मी रोज डोळ्यांच्या दवाखान्यात जाते."

"म्हणूनच." त्यांनी चिमटा उचलला, पुसलेलाच होता, तरी पदराने पुन्हा पुसला. "टेबलावर झोपलेल्या किती लोकांच्या कानात मी सांगितलंय, काही होत नाही, दोन मिनिटांचं काम आहे. त्यातल्या कुणालाच मी खरं सांगत नव्हते. मला माहीत आहे ना काय काय होऊ शकतं. आणि आता मी तिथे झोपायचं, आणि एखादी पोरगी येऊन माझ्या कानात तेच सांगणार."

कुठेतरी पाणी मुरतंय हे मला कळायला हवं होतं. टाकीत मुरलं नव्हतं ते इथे मुरत होतं. पण हे बोलायची ती वेळ नव्हती. पांढरी पुन्हा वर येऊन तरंगली.

"टब काढ," सासूबाई म्हणाल्या. पांढरीला नाही, मला. "तू पाणी आण, मी उचलते."

"तुम्हाला दिसेल?"

"काळं-पांढरं दिसतं अजून."

मी साठवून ठेवलेलं गार पाणी आणलं. त्यांनी हात ओले करून दोघांना एकेक करून उचललं. त्यात मात्र त्यांच्या बोटांना डोळ्यांची गरज लागली नाही. पांढरी त्यांच्या ओंजळीत क्षणभर निपचित पडली, आणि टबात गेल्यावर तळाशी बसली. आम्ही दोघी फरशीवर बसून राहिलो. तिची शेपटी किती वेळाने सरळ झाली ते सांगता येणार नाही, पण झाली तेव्हा माझ्याआधी त्यांना कळलं, कारण मी तोवर डोळे मिटून घेतले होते.

नवरा आला तो खांद्यावर कूलरचं धूड घेऊन. खोलीच्या दारात उभा राहून त्याने नळ्या, पंप आणि पुढची योजना ह्यांची माहिती द्यायला सुरुवात केली.

"ते उचल आणि बाहेर ने," आम्ही दोघी एकाच वेळी म्हणालो.

त्याने धूड खाली ठेवलं. आधी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. "तुम्ही दोघी बोलताय?"

"काम करतोय," सासूबाई म्हणाल्या. "हात धुतलेस का?"

पुढचा आठवडा दोन्ही आघाड्यांवर गेला. टाकी पुन्हा पहिल्यापासून मुरवायला ठेवली. त्या शौकीन गृहस्थांनी त्यांच्या टाकीतल्या फिल्टरचा वापरलेला स्पंज दिला, जिवाणूंचं विरजणच म्हणायचं. परीक्षेची नळी आता मी वाचत होते आणि सासूबाई दर वेळी "नक्की?" असं विचारत होत्या. इकडे डॉक्टरीणबाईंनी त्यांचे डोळे तपासले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा जास्त पिकलेला. उजवा आधी करू, त्या म्हणाल्या. सासूबाईंनी त्यांना भिंग कुठल्या बनावटीचं वापरता, अवजारं किती वेळ उकळता, भूल कोण देणार आणि तो लग्न झालेला आहे का, असे प्रश्न विचारले. शेवटच्या प्रश्नाचं कारण विचारल्यावर म्हणाल्या, घरी भांडून आलेला माणूस सुई नीट टोचत नाही.

ऑपरेशनच्या दिवशी नवऱ्याला इतका घाम फुटला, की परिचारिकेने चुकून त्यालाच खाटेवर झोपवायची तयारी केली. मी सासूबाईंसोबत आतल्या दारापर्यंत गेले. हिरवी टोपी घातलेल्या त्या एकदम लहान दिसत होत्या. मला म्हणाल्या, "आता तूच सांग काहीतरी."

काही होत नाही, असं मी सांगणार होते. रोज सांगते.

"मला माहीत नाही काय होईल ते," मी म्हटलं. "मी इथेच बाहेर बसलेली असेन."

त्यांनी मान हलवली आणि आत गेल्या. दोन मिनिटांचं काम नव्हतंच ते, पण नीट झालं. बाहेर आल्यावर त्यांचं पहिलं वाक्य, कानात सांगणाऱ्या त्या पोरीने हातमोजे उलटे घातले होते.

पट्टी निघाली त्या दिवसापासून मात्र आमच्यावर संकट कोसळलं. सासूबाईंना दिसू लागलं. छतावरची जळमटं, ओट्यामागचा तेलकट पट्टा, माझ्या डोक्यातले पांढरे केस, नवऱ्याच्या पोटाचा घेर, सगळं एका डोळ्याने. "हे घर असं होतं?" त्या खोल्याखोल्यांत उभ्या राहून विचारत होत्या. नवऱ्याला त्यांनी तासभर जवळ बसवून नुसतं पाहिलं आणि म्हणाल्या, "तू किती म्हातारा झालास रे." तो बिचारा फुलून आला होता, त्याची हवा गेली. दर काही तासांनी मी त्यांच्या डोळ्यात थेंब टाकायचे आणि त्या आधी माझ्या नखांची तपासणी करायच्या.

टाकी ह्या वेळी खरंच मुरली. नळी सलग पिवळी राहिली, माझ्या दोन डोळ्यांनी आणि त्यांच्या एका डोळ्याने. दोघं पुन्हा आत उतरले. झुपके पुन्हा फुलले. पांढरी मुळीच हट्टी नव्हती, गांडूळ तोंडासमोर आलं की गपकन गिळत होती. ह्यावर सासूबाईंनी काही भाष्य केलं नाही, आणि मीही, माझ्या स्वभावाचा विचार करता, कौतुकास्पद मौन पाळलं. नणंदेच्या घरच्या त्या वाक्याविषयीही आम्ही आजतागायत बोललेलो नाही. ते आहे तिथेच आहे. त्याला वळसा घालून ये-जा करायची सवय झाली आहे.

मग एका संध्याकाळी मला दवाखान्यात उशीर झाला, सासूबाईंना ऑपरेशननंतर अजून ओणवायची मनाई होती, आणि भरवायची जबाबदारी नवऱ्यावर आली. तो विसरला. काळू विसरला नाही. भुकेच्या भरात त्याने पांढरीचा पुढचा पाय, अगदी मुळापासून, खाऊन टाकला.

मी घरी आले तेव्हा नवरा कपाळाला हात लावून बसला होता आणि सासूबाई मनाई झुगारून टाकीत मध्ये जाळीचा पडदा लावत होत्या.

"उगवतो तो परत," त्या मला म्हणाल्या. "ह्याने त्या गृहस्थांना फोन केला होता. हाड, बोटं, सगळं. नवं कोरं." मग पडदा नीट बसला का ते पाहत म्हणाल्या, "आयुष्यभर पाय कापताना पाहिले. उगवताना एकही नाही पाहिला."

तेव्हापासून त्या रोज सकाळी खुर्ची ओढून टाकीसमोर बसतात. आधी नुसता एक गुलाबी कोंब आला. मग त्याला फावड्यासारखी चपटी टोकं आली. मग एकेक बोट वेगळं होऊ लागलं. त्याचं साग्रसंगीत वर्णन मला चहासोबत मिळतं. नणंदेला फोनवर मिळतं. दूध आणून देणाऱ्या माणसालाही आत नेऊन दाखवून झालं आहे. हात धुवून.

अडचण डाव्या डोळ्याची झाली. डॉक्टरीणबाईंनी तारीख दिली आणि सासूबाईंनी ती फेटाळली.

"तीनच बोटं आलीत," त्या म्हणाल्या. "चौथं येऊ दे, मग जाऊ. डोळ्यावर पट्टी असताना आलं तर?"

"तुमचा एक डोळा उघडाच असणार आहे, आई."

"एका डोळ्याने खोल-उथळ कळत नाही. तुझ्याच डॉक्टरीणबाई म्हणाल्या."

"बोट तुमच्यासाठी थांबेल. डॉक्टरीणबाई थांबणार नाहीत."

"मग मी जातच नाही."

मी तारीख बदलली नाही, हे त्यांना माहीत होतं. त्या दिवशी सकाळी त्या कपडे करून, केस घट्ट बांधून, पिशवी मांडीवर घेऊन टाकीसमोर बसल्या होत्या. पांढरी कुंडीच्या तोंडाशी होती. तीन बोटं आणि बाजूला एक उंचवटा, ज्याला त्या बोट म्हणत होत्या आणि मी म्हणत नव्हते. नवरा दारात गाडीची किल्ली फिरवत उभा होता.

"तू येऊ नकोस," सासूबाई त्याला म्हणाल्या. "घाम फुटतो तुला. इथे बस आणि ह्यांना खायला घाल. काळूला आधी. आणि विसरलास तर ह्या वेळी तुझा हात त्यात घालीन मी."

तो बसला. आम्ही निघालो. रिक्षात त्या बाहेर बघत होत्या, एकदा एक डोळा झाकून, एकदा दुसरा. कोपऱ्यावर वळल्यावर म्हणाल्या, "फोन लाव त्याला."

"आत्ताच तर निघालो."

"लाव. घातलं का विचार."